शहाण्णव खळगे

मंगळवारी साडेसातला तुला ऊबपेटीतून बाहेर काढते.
बाटलीबरोबर आलेल्या कागदावर एवढंच आहे:
मुलगी. वय सात. गाठीतून घेतलेल्या पेशी.
नाव नाही, गाव नाही,
पुढचे दात पडून परत आले होते का, तेही नाही.
तू गेलीस त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली
आणि तू अजून दीड दिवसात दुप्पट होतेस,
गुलाबी पाण्यात, तळाला बिलगून.

सिबूत या आठवड्यात नऊ बालवाड्या बंद.
दारांवर पिवळी पट्टी, पायरीवर एकच उलटी चप्पल.
हातांवर, तळपायांवर, जिभेवर फोड.
बहुतेक मुलं आठ दिवसांत बरी होऊन भांडायला लागतात.
एखादंच झोपेत दचकतं, मग पुन्हा दचकतं,
आणि त्या दुसऱ्या दचकण्याला डॉक्टर तिओंग घाबरतात.

वेल आणली उन्चातने,
कापितच्याही वरून, लाँचच्या टपावर, मिठाच्या गोणीत कोंबून.
पेट्रोलचे पैसे घेतले, पाल्याचे नाही.
"कशावर देता हिला?"
"कुत्र्याच्या पिल्लांना. अंगावर फोड आले की.
माणसांना कोण देतं? फार कडू."

वाळवली, दळली, स्पिरिटात भिजवली,
गाळली, आटवली, परत गाळली.
चौदा किलो पाल्याचं उरलं
नखावर मावेल इतकं राखाडी पीठ.
त्याला आम्ही सत्तेचाळीस म्हणतो.
उन्चातने वाकून पाहिलं:
"आणि बाकीची वेल कुठे गेली?"

आठ ओळी, बारा रांगा. प्रत्येक खळग्यात तू, थोडी थोडी.
पहिल्या ओळीत नुसती तू.
दुसरीत तू आणि विषाणू.
मग तू, विषाणू आणि सत्तेचाळीस,
दर खळग्याला निम्मं पातळ करत.
शेवटच्या दोन ओळींत तू आणि नुसतं औषध,
कारण वाचवायला येणारा मारत तर नाही ना,
हे आधी तुलाच विचारावं लागतं.
मी कोपरापर्यंत हात धुते. घरी माझा रेंगी आहे, तीन वर्षांचा.

गुरुवार.
विषाणूच्या ओळीत तू गोल होऊन सुटलीस,
मुकाच्या बाजारात चटईवर पसरलेल्या साबुदाण्यासारखी.
तिसऱ्या ओळीचा चौथा खळगा
थांब.
डोळा काढला, काच पुसली, परत लावला.
तू होतीस. लांबट, टोकदार, शेजारणीचा हात धरून.
पाचव्यात होतीस. सहाव्यात अर्धी.
प्रयोगशाळेत ओरडत नाहीत, मीही नाही ओरडले.
पेन्सिलीचं टोक तेवढं मोडलं.

मग शेवटच्या ओळी.
पहिल्या तीन खळग्यांत तू विषाणूवाचूनच मेली होतीस.
म्हणजे मारणं आणि वाचवणं यांच्यात एवढीशी जागा,
माझं करंगळीचं पेर आडवं ठेवलं तर झाकली जाईल.
"कमी आहे," डॉक्टर तिओंग म्हणाले. "पण शून्य नाही."
मग बोटांवर मोजू लागले: उंदीर, परवानग्या, पैसा, वर्षं.
बोटं संपल्यावर हसले
आणि चष्मा शोधत बसले, तो डोक्यावर होता.

संध्याकाळी धक्क्यावर उन्चात भेटला.
"गुण आला?"
"खळग्यांना आला."
"मग मुलांना देणार आता?"
नाही म्हणाले. रेंगीला मिशा फुटतील तेव्हा कदाचित.
तेव्हाही कदाचित नाही.
रजांगवरून ओंडके चालले होते, एकमेकांना ढुशा देत.
बराच वेळाने तो म्हणाला,
"पिल्लांना मी देत राहू ना?"
मला उत्तर आलं नाही.

शुक्रवारी सगळं ब्लीचमध्ये,
वाचलेली तू, मेलेली तू, अर्धी तू.
एक बाटली मात्र मागे ठेवते.
तिच्यावर तारीख घालते, पिढी लिहिते: एकशे बारा.
झाकण अर्धा फेरा सैल सोडते.
तुला हवा लागते.